पादचाऱ्यांचा पूल

मोठ्या शहरातील हमरस्ता पायी ओलांडणे हे नदी ओलांडण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. नदीला निदान कोठे तरी उतार सापडतो. पावसाळा सरला म्हणजे तिचे पाणीही ओसरते. रहदारीचा प्रवाह मात्र बारमाही असतो. मोटारी, बसगाड्या आणि मालमोटारी यांची रांग सकाळपासून रात्रीपर्यंत खंडत नाही. आणि हातात पिशवी घेतलेली एखादी वृद्ध स्त्री किंवा पाठीला दप्तर अडकविलेला एखादा मुलगा रस्त्याच्या कडेला तिष्ठत उभा राहतो. नदीवर पूल बांधतात, तसाच तो या प्रवाहावरही बांधावा, ही कल्पना यातूनच निघाली. वाहनांनी खालून धावावे, माणसांनी वरून चालावे आणि कोणी कोणाच्या वाटेत येऊ नये, हा पादचारी पुलाचा हेतू होय.

आगगाडीच्या अवाढव्य पुलापुढे हा पूल किरकोळ वाटतो. त्यावरून जावयाची ती केवळ माणसेच. परंतु एका बाबतीत त्याची जबाबदारी मोठी असते. नदीच्या पुलाखाली पाणी असते. या पुलाखाली माणसे असतात. पूल पुरा होऊन त्यावर पहिले पाऊल पडण्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्या खालून हजारो लोकांची ये-जा चालू असते. म्हणून असा पूल पुरा झाल्यावर भक्कम असला एवढ्याने भागत नाही. तो बांधला जात असताना, अर्धामुर्धा उभा असतानाही, तितकाच भक्कम असावा लागतो.

अशा पुलाची आखणी करताना अभियंता प्रथम माणसांच्या वाटा पाहतो. लोक कोठून येतात, कोठे जातात, कोणत्या वेळी गर्दी होते, याची तो नोंद करतो. पूल लोकांच्या नेहमीच्या वाटेपासून दूर असेल, किंवा त्याचा जिना दम काढणारा असेल, तर लोक पूल सोडून पुन्हा खालूनच धावत जाऊ लागतात. मग तो पूल कितीही देखणा असला तरी व्यर्थच. वृद्ध, अपंग आणि बाबागाडी ढकलणाऱ्या माता यांच्यासाठी मंद चढाची वाट किंवा विजेचा पाळणा ठेवावा लागतो. पुलाची उंची अशी हवी की, उंचात उंच मालमोटारही खालून निर्वेध निघून जावी. शिवाय रस्त्याच्या मध्ये खांब उभे केले तर ते वाहतुकीला अडथळा करतात. म्हणून शक्य तेथे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच लांब गाळा घेणे श्रेयस्कर ठरते.

यानंतर भाराचा हिशेब येतो. पुलावर चालणारी माणसे किती, एवढाच प्रश्न नसतो. एखादे दिवशी पूल खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसांनी भरून गेला, तर तो टिकेल काय, हे पाहावे लागते. वाऱ्याचा रेटा, उन्हाने होणारे प्रसरण, चालणाऱ्यांच्या पावलांनी होणारे कंपन, या सर्वांचा विचार करावा लागतो. आणि या सर्वांहून मोठा भार बहुधा पुलाच्या स्वतःच्याच वजनाचा असतो.

हा भार पुलाच्या अंगात कसा वाहतो, हे समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहावा. रबराची एक जाड पट्टी घेऊन तिची दोन्ही टोके दोन विटांवर टेकवावीत व मध्यभागी बोटाने दाबावे. पट्टी खाली वाकते. नीट पाहिले तर तिची वरची बाजू आखडलेली आणि खालची बाजू ताणलेली दिसते. प्रत्येक तुळईत असेच घडते: वर दाब, खाली ताण. आता विटा टोकांपासून आत सरकवाव्यात. पट्टीची टोके अधांतरी लोंबू लागतात, आणि विटांवर पट्टीची वरची बाजू ताणली जाते. पट्टी तीच, वजन तेच. पण आधाराची जागा बदलताच दाबाच्या जागी ताण व ताणाच्या जागी दाब येतो. ही गोष्ट लहानशी दिसते. परंतु पूल उभारणाऱ्याने ती क्षणभरही विसरता कामा नये.

याचे कारण असे की, सर्वच पदार्थ दाब व ताण सारख्या शक्तीने सोसत नाहीत. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणापुढे ते दुबळे ठरते व चटकन तडकते. पोलाद ताण चांगला सोसते. म्हणून काँक्रीटमध्ये पोलादी सळया घालतात. काही ठिकाणी तर मजबूत पोलादी दांडे आत घालून ते यंत्राने ताणून ठेवतात. ताणलेला दांडा आखडू पाहतो आणि त्यामुळे भोवतालचे काँक्रीट घट्ट दाबले जाते. पुढे त्या भागावर ताण आला तरी आधीच दिलेला हा दाब त्याला सावरून धरतो.

लांब गाळ्यासाठी अभियंते पुष्कळदा कैचीची रचना योजतात. चार काठ्या खिळ्यांनी जोडून केलेली चौकट हाताने दाबली की तिरपी होते. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. त्रिकोणाच्या याच गुणामुळे वरच्या व खालच्या तुळईमध्ये तिरपे दांडे बसवून कैची तयार करतात. भार एका दांड्यातून दुसऱ्यात जातो, आणि जेथे दांडे एकत्र येतात त्या सांध्यांवर सगळी मदार असते. दांडे कितीही मजबूत असले तरी सांधा कच्चा असेल, तर कैची कच्चीच समजावी.

पूल कागदावर सिद्ध झाला तरी तो रस्त्यावर चढवावयाचा कसा, हा प्रश्न उरतोच. गजबजलेल्या रस्त्यावर महिनोन्महिने परांच्या व टेकू उभे करून काँक्रीट ओतीत बसणे शक्य नसते. म्हणून अलीकडे एक निराळी पद्धत रूढ झाली आहे. पुलाचा गाळा रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेत आधी तयार करावयाचा, आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री रस्ता काही तास बंद ठेवून तो आयता उचलून खांबांवर ठेवावयाचा. यामुळे वाहतुकीची गैरसोय कमी होते आणि कामगारांनाही भरधाव मोटारींजवळ काम करावे लागत नाही. पद्धत चांगली आहे. पण ती अभियंत्याकडून अधिक सावधपणाची अपेक्षा करते. किती, ते अमेरिकेतील मायामी येथे २०१८ साली घडलेल्या घटनेवरून दिसून येते.

मायामी हे फ्लोरिडा राज्यातील मोठे शहर. त्याच्या पश्चिमेकडील भागात फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या उत्तरेस एक रुंद हमरस्ता जातो आणि रस्त्यापलीकडे स्वीटवॉटर नावाचे गाव लागते. या गावात विद्यापीठाचे सुमारे ४,००० विद्यार्थी राहत असत. त्यांना वर्गात येण्यासाठी रोज हा रस्ता ओलांडावा लागे. ऑगस्ट २०१७ मध्ये एक विद्यार्थिनी हा रस्ता ओलांडीत असता मोटारीच्या धडकेने मृत्यू पावली. त्यापूर्वीच येथे पादचारी पूल बांधण्याचे ठरले होते; या घटनेने त्याची निकड सर्वांना अधिकच जाणवली.

योजलेला पूल एकंदर ३२० फूट लांबीचा होता. रस्त्यावरील मुख्य गाळा १७४ फुटांचा, म्हणजे सुमारे ५३ मीटर लांबीचा होता, आणि तो काँक्रीटच्या कैचीचा होता. खाली चालण्याची रुंद वाट, वर छत आणि त्या दोहोंना जोडणारी तिरप्या दांड्यांची एकच ओळ मध्यभागी, अशी त्याची घडण होती. पुढे एक उंच मनोरा उभारून त्यापासून छतापर्यंत पोलादी नळ्या लावावयाच्या होत्या. त्यामुळे पूल मनोऱ्यापासून दोरांनी टांगल्यासारखा दिसला असता. परंतु मुख्य भार त्या नळ्यांवर नव्हता, तो काँक्रीटच्या कैचीवरच होता. सामान्यतः कैचीच्या दोन ओळी असतात. एकीला इजा झाली तर दुसरी काही भार उचलते. येथे दांड्यांची एकच ओळ असल्यामुळे एक सांधा निकामी झाला तर त्याला सावरणारे दुसरे काही नव्हते.

हा गाळा रस्त्याच्या कडेला तयार करण्यात आला. त्याचे वजन तिकडील मापाने ९५० टन, म्हणजे साडेआठ लाख किलोग्रॅमहून अधिक होते. दोनशे हत्ती एकत्र केले तर जेवढे वजन भरेल, तेवढे ते होते. शनिवार, दिनांक १० मार्च २०१८ रोजी रस्ता बंद करण्यात आला. अनेक चाके असलेल्या प्रचंड स्वयंचलित वाहकांवर हा गाळा उचलून घेण्यात आला व सावकाश वळवून काही तासांत खांबांवर ठेवण्यात आला. पाहणाऱ्यांना मोठे कौतुक वाटले. रस्ता पुन्हा खुला झाला आणि मोटारी त्या पुलाखालून धावू लागल्या.

गाळा वाहकांवर असताना त्याचे आधार टोकांपासून काहीसे आत होते; म्हणजे विटा आत सरकविलेल्या रबराच्या पट्टीसारखी त्याची स्थिती होती. एरवी दाब सोसणाऱ्या टोकांजवळच्या तिरप्या दांड्यांवर या वेळी ताण येणार, हे अभियंत्यांना ठाऊक होते. म्हणून त्या दांड्यांत पोलादी सळ्या घालून त्या आधीच ताणून ठेवल्या होत्या. गाळा खांबांवर स्थिर झाल्यावर आधार पुन्हा टोकांना आले, तेव्हा ठरल्याप्रमाणे हा ताण सैल करण्यात आला. येथपर्यंत सर्व योजनेनुसार झाले.

परंतु उत्तरेकडील टोकाच्या सांध्याजवळ तडे दिसत होते. गाळा कडेला असताना त्याचे टेकू काढले, तेव्हाच त्यांची सुरुवात झाली होती. खांबांवर आल्यावर ते रुंदावले व खोल गेले. काँक्रीटमध्ये केसासारखे बारीक तडे पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण येथील तडे सामान्यतः चालू शकणाऱ्या तड्यांच्या चाळीस पटींहूनही मोठे होते. ते पाहण्यास दुर्बीण किंवा यंत्र लागत नव्हते. ते डोळ्यांना दिसत होते, त्यांची छायाचित्रे घेतली गेली होती आणि त्यांविषयी पत्रव्यवहारही चालू होता. दिनांक १३ मार्च रोजी आखणी करणाऱ्या अभियंत्याने राज्याच्या वाहतूक खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या दूरध्वनीवर तड्यांविषयी निरोप ठेवला. त्यातही सुरक्षिततेची चिंता नाही, असेच त्याने सांगितले. तो कर्मचारी बाहेरगावी होता. त्याने तो निरोप १६ मार्च रोजी ऐकला. पण तेव्हा फार उशीर झाला होता.

दिनांक १५ मार्चच्या सकाळी पुलाशी संबंध असलेल्या सर्व मंडळींची सभा भरली. सुमारे दोन तास चर्चा झाली. आखणी करणाऱ्यांनी आपले गणित मांडले आणि तड्यांपासून धोका नाही, असे मत दिले. सैल केलेल्या सळ्या पुन्हा ताणल्या म्हणजे सांधा पूर्ववत होईल, असे त्यांना वाटले. दुपारी कामगार छतावर चढून सळ्या ताणू लागले. खाली वाहतूक चालूच होती. दोन वाजण्यास काही मिनिटे कमी असताना तो सांधा फुटला आणि सबंध गाळा रस्त्यावर कोसळला. त्याखाली आठ मोटारी सापडल्या. सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी एक कामगार होता आणि पाच जण मोटारींत बसलेले होते. आणखी दहा जण जखमी झाले. रस्ता ओलांडणाऱ्यांचे प्राण वाचविण्यासाठी बांधलेल्या पुलाने, त्यावर एकही पादचारी चालण्यापूर्वीच, माणसांचे प्राण घेतले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची कसून चौकशी केली व २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आपला निर्णय जाहीर केला. मूळ दोष आखणीच्या गणितात होता. त्या सांध्यावर येणारा भार आखणी करणाऱ्यांनी प्रत्यक्षाहून कमी धरला होता आणि सांध्याची शक्ती प्रत्यक्षाहून अधिक धरली होती. भिंतीला शिडी टेकवून तिच्यावर माणूस चढला, म्हणजे शिडीचे पाय बाहेरच्या बाजूस घसरू पाहतात. जमीन गुळगुळीत असेल तर ते घसरतातच. टोकाचा तिरपा दांडाही पुलाच्या पायवाटेला असाच बाहेर रेटीत होता, आणि त्याला धरून ठेवण्याइतकी पकड त्या सांध्यात नव्हती. आधी ओतलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग खडबडीत करून मगच त्यावर पुढचे काँक्रीट ओतावे, म्हणजे पकड वाढते. ही काळजीही तेथे पुरेशी घेतली गेली नव्हती. तथापि ती घेतली असती तरी तो सांधा टिकला नसता, इतकी मूळ आखणी उणी होती. पुन्हा सळ्या ताणल्यामुळे तर त्या दांड्याचा रेटा वाढला आणि दुबळा सांधा फुटला.

चूक माणसाच्या हातून होते, हे गृहीत धरूनच एकाचे गणित दुसऱ्याने तपासण्याची पद्धत ठेवलेली असते. या पुलाचे गणितही एका त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेतले होते. पण तिने पुरा झालेला पूलच तपासला. गाळा एकटाच खांबांवर उभा असतानाची, अर्ध्या कामाची स्थिती तिने तपासली नाही. पूल जन्मास येताना ज्या ज्या अवस्थांतून जातो, त्यांपैकी एक अवस्था तपासावयाची राहिली आणि नेमका तेथेच घात झाला.

परंतु चौकशी मंडळाने आणखी एका गोष्टीवर भर दिला आणि ती गोष्ट गणिताहूनही साधी आहे. गणितातील चूक कोणाला दिसली नसली, तरी तडे सर्वांना दिसत होते. गाळा हलविण्यासाठी शनिवारी रस्ता बंद करता आला होता. मग तडे वाढलेले दिसताच गुरुवारीही तो बंद करता आला असता. आखणी करणारे, बांधणारे, देखरेख करणारे, विद्यापीठ आणि राज्याचे खाते यांपैकी कोणालाही तसे सुचविता आले असते. प्रत्येकाला वाटले की, आपल्याहून अधिक जाणकार कोणीतरी याचा विचार केला असेल. रस्ता बंद झाला असता, तर पूल कदाचित पडलाच असता. पण त्याखाली मोटारी सापडल्या नसत्या. लोकांना काही तास वळसा घालून जावे लागले असते, एवढेच.

या अनुभवानंतर मंडळाने काही शिफारशी केल्या. पुलाची आखणी तपासताना केवळ त्याचे अखेरचे रूप न तपासता बांधणीतील प्रत्येक टप्पा व सांधे तपासावेत. एक भाग निकामी झाला तर दुसऱ्याने भार उचलावा, अशा रचनेचा पादचारी पुलांच्या आखणीतही आग्रह धरावा. आणि बांधकाम चालू असता गंभीर तडे आढळल्यास कामगारांना दूर करून खालचा रस्ता तत्काळ बंद करावा, असे त्यांचे सार आहे.

पूल आपल्या परीने बोलत असतो. वाकणे, कुरकुरणे, तडकणे ही त्याची भाषा आहे. ती ऐकावयाची असेल तर ज्ञान हवेच. पण त्याबरोबर आपले गणित चुकले असेल, असे मानण्याची नम्रताही हवी. तडा लहान की मोठा, याचा वाद मागाहून सावकाश करता येतो. तो वाद मिटेपर्यंत खालून कोणी जाऊ नये, एवढी व्यवस्था मात्र आधी करावयाची असते. शंका आली की प्रथम वाट थांबवावी आणि मग विचार करावा, हा नियम पाळण्यास अभियंताच असावे लागते असे नाही. तडा प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतो, त्याने मोठ्याने सांगावे आणि ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने ते ऐकावे. पादचाऱ्यांचा पूल काँक्रीट व पोलाद यांइतकाच माणसांच्या या दक्षतेवर उभा असतो.